नॉर्वेचा एल्कहाउंड आणि हिंगणघाटचा उन्हाळा : मदत हवी

कापूसकोंड्या | ४ मार्च, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे कापसाच्या भावापुरता डोकावतो. आज अडलोय म्हणून स्वतःचा धागा काढतोय.

माझा मावसभाऊ सहा वर्षं नॉर्वेत, स्टावांगरला नोकरीला होता. परतताना बायको, मुलगी आणि कुत्रा अशा तिघांना घेऊन आला. पुण्यात फ्लॅटवर तीन महिने कसाबसा ठेवला. भुंकण्यावरून सोसायटीच्या दोन नोटिसा आल्या, तिसरी यायच्या आत साहेबांनी त्याला गाडीत घातलं आणि आमच्या दारात आणून सोडलं. "तुझ्याकडे शेत आहे, मोकळी हवा आहे, रमेल तो." मोकळी हवा आहे हे खरं. मे महिन्यात ती कशी भाजते हे तो पुण्यात राहून विसरला असावा.

कागदावर जात 'नॉर्स्क एल्गहुंड ग्रो' अशी लिहिलीय, ग्रो म्हणजे राखाडी. नर, वय चार. कान उभे, छाती रुंद, शेपूट पाठीवर जिलबीसारखी वळलेली. अंगावर केसांचे दोन थर, वरचे राठ आणि टोकाला काळे, खाली दाट पांढुरकी लोकर. नाव ब्यॉर्न, त्यांच्या भाषेत अस्वल. गावाने दोन दिवसांत त्याचा 'बोरन्या' केला. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी "यांच्या घरी लांडगा बांधलाय" अशी वर्दी दिली, तर वनरक्षक मोटरसायकलवर बघायला आले. शेपूट बघून हसले, चहा घेऊन गेले.

आता अडचणी. फेब्रुवारी संपता संपताच त्याला दुपारी धाप लागते. माठाखालच्या ओल्या जागेत खड्डा उकरून पडतो. मेअखेरचा नवतपा लागला की आमच्याकडे पारा ४५-४६ ला जातो, तेव्हा याचं काय होणार?

दुसरं भुंकणं. घर शेताला लागूनच. रात्री धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रोही (नीलगाय) नाहीतर डुकरं आली की आमची दोन गावठी कुत्री बोंबलत धावतात, थोडं हाकलतात, परत येऊन झोपतात. हा साखळी ताणून एका जागी उभा राहतो आणि एकाच ठेक्यात अर्धा-अर्धा तास भुंकतो. ओरडलं तर अजून जोरात. काठी दाखवली तर माझ्याकडे असा बघतो की जणू मीच कामचुकार आहे.

तिसरं, ऐकत नाही. "ये" म्हटलं की कान हलवतो, म्हणजे ऐकू गेलेलं असतं, आणि जमिनीला नाक लावून उलट्या दिशेला चालू लागतो. मागच्या आठवड्यात दोर सुटला तर तीन तासांनी पार नाल्यापलीकडे सापडला.

गावात मेंढ्या कातरणारा येतो. तो म्हणतो, "आणा, कातरून देतो, गार राहील." कातरावं का? जाणत्यांनी सांगा.

सावजी_रस्सा | ४ मार्च, रात्री ११.१५

भाऊ, काहून त्याचा जीव घेऊन राहिले? बर्फातलं जनावर न हिंगणघाटात! आपलं गावठी पोसा न एखादं. भाकर-ताकावर राह्यते, उन्हाले भेत नाही, न नोटीसही येत नाही. तुमच्या भावाले म्हणा, घेऊन जाय तुयं अस्वल.

कापूसकोंड्या | ४ मार्च, रात्री ११.२२

गावठी दोन आहेतच की. आणि हा आता आलाय, त्याला काय पोस्टाने परत पाठवू?

फ्योर्डकाठी | ५ मार्च, पहाटे ३.०५

मी माहेरची अकोल्याची, अकरा वर्षं ट्रॉनहाइमजवळ एका खेड्यात राहते. शेजाऱ्याकडे याच जातीचे दोन आहेत, म्हणून लिहितेय. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी नावाचा घोळ. इथला शब्द 'एल्गहुंड'. हुंड म्हणजे नुसता कुत्रा. इंग्रजीत त्याचा हाउंड झाला आणि लोकांना वाटायला लागलं की हा बीगल-ग्रेहाउंडच्या घराण्यातला. तसा तो नाही, तो स्पिट्झ आहे, म्हणजे आपल्याकडे घरोघरी पांढरे पामेरियन असतात त्यांच्या गोत्रातला. आणि एल्ग म्हणजे मूस, हरणांच्या कुळातलं सगळ्यात मोठं जनावर. मोठा नर ५०० किलोपर्यंत भरतो, खांद्यापाशीच माणसाएवढा उंच. तुमचा रोही त्याच्यापुढे गोऱ्हा वाटेल.

आता २३-२५ किलोचा कुत्रा अशा धुडाचं काय करणार? तो त्याला पाडत नाही, धरतही नाही. शिकारीच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत कुत्रा छातीपट्ट्याला बांधलेल्या लांब दोरावर असतो आणि तोंडातून आवाज न काढता वासावर माणसाला पुढे नेतो. दुसरीत तो मोकळा सुटतो, माणसाच्या नजरेआड एकटा जंगलात शिरतो. एल्ग सापडला की अंतर राखून त्याच्यापुढे उभा राहतो आणि ठेक्यात भुंकत राहतो. एल्ग अंगावर आला की मागे सरकायचं, निघाला की पुन्हा आडवं जायचं. एल्गला या पिटुकल्याची भीती नसते, वैताग असतो. तो त्याच्यावर नजर रोखून थांबतो. तेवढ्यात शिकारी त्या आवाजाच्या रोखाने, वारा तोंडावर घेत, पाय न वाजवता येतो. कधी कधी तास लागतो. तोवर कुत्र्याने गप्प व्हायचं नाही, झाला तर सगळं मुसळ केरात.

एकदा ऑक्टोबरात मी शेजाऱ्यासोबत गेले होते. धुकं एवढं की हातभर पुढचं झाड दिसेना. लांबून त्याच्या कुत्रीचा आवाज येत होता, भुं, भुं, भुं, शिवणयंत्रासारखा. शेजारी सत्तरीचा, तो आवाज ऐकून मला हळूच म्हणाला, "उभा आहे." थोड्या वेळाने भुंकण्यात खंड पडला, पुन्हा दुसरीकडून सुरू झालं. "चालायला लागला." त्याला दिसत काहीच नव्हतं. आम्ही पोचायच्या आत एल्ग ओढा ओलांडून गेला. कुत्री परत आली आणि तिने आमच्याकडे पाठ फिरवली, दिवसभर रुसली होती.

म्हणून म्हणते, बोरन्या रोह्याला हाकलत नसावा. त्याने रोही 'थांबवून' ठेवलाय आणि तुम्हाला बोलावतोय. तुम्ही येऊन काठी दाखवता! पुढच्या वेळी ओरडू नका. टॉर्च घेऊन त्याच्याजवळ जा, तो बघतोय तिकडे बघा, पाठीवर हात ठेवा. काय होतं ते इथे लिहा.

आणि हो, 'ये' त्याला कसं कळणार? 'कॉम' म्हणा. बस म्हणजे 'सिट', थांब म्हणजे 'ब्लि', नको म्हणजे 'नेई'. तरी नाक लागलेलं असेल तर येणार नाहीच. इथेही शिकारीत सोडलेल्या कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा असतो, आणि १ एप्रिल ते २० ऑगस्ट देशभर कुत्रा बांधूनच ठेवायचा कायदा आहे, पाखरांची आणि जनावरांची पिल्लं लहान असतात म्हणून. दोर लावला तर त्याच्यावर अन्याय होतोय असं वाटून घेऊ नका.

गोठ्यातला_डॉक्टर | ५ मार्च, सकाळी ७.५०

कापूसकोंड्याभाऊ, कातरू नका. मेंढीचं गणित वेगळं. या कुत्र्याचे वरचे राठ केस ऊन अंगापर्यंत पोचू देत नाहीत, आतली लोकर हवा धरते. वरचे केस काढले तर कातडी थेट उन्हात येते. शिवाय अशा दुहेरी केसांच्या जातींमध्ये एकदा कातरल्यावर लोकर भराभर वाढते आणि वरचे केस महिनोन्‌महिने येत नाहीत, चट्टे पडतात. कातरायचं नाही, विंचरायचं. लांब दातांचा लोखंडी कंगवा घ्या आणि सुटलेली लोकर काढा. आता मार्चमध्ये ती ढिगाने निघेल. ती निघाली की आत हवा खेळते.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार पंजांच्या गादीला येतो. बाकी सगळी मदार धापेवर. जिभेवरचं आणि नाका-तोंडातलं पाणी उडतं, तेवढं अंग गार होतं. म्हणून आपला कोरडा उन्हाळा एका अर्थी बरा. डेझर्ट कूलर चालतो, धापही कामी येते. खरा त्रास ऑगस्टच्या उघडिपीत आणि ऑक्टोबरात होईल, हवा दमट असली की कूलरही नुसता ओल सोडतो.

स्लॅबच्या खोलीत ठेवू नका, ती रात्री दहालाही तापलेली असते. टिनाखाली तर नाहीच. जुनं कवेलूचं (कौलारू) घर, शेणाने सारवलेली जमीन, खाली ओलं पोतं, हे उत्तम. पाणी पाठीवर ओतून उपयोग नाही, राठ केसांवरून ओघळून जातं. पोट, जांघा, पंजे भिजवा. रात्री मात्र लोकर कोरडी आहे ना ते बोट घालून बघा, आत ओल राहिली की कातडी सडते.

फिरवणं पहाटे साडेचार-पाचला आणि रात्री नऊनंतर. रस्त्यावर हाताची पाठ टेकवा, पाच सेकंद धरवत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात.

नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ च्या आसपास असतं. घरी थर्मामीटर ठेवा, गुदद्वारातून बघायचं. ४१ गाठलं की घात. लाळ घट्ट तारेसारखी, हिरड्या लालभडक, मागचे पाय लटपटणं, यातलं काही दिसलं की आधी पाणी आणि वारा, मग गाडी. साधं पाणी ओतत राहा, पंखा लावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो तापतो आणि आतली उष्णता कोंडतो. ३९.५ ला आलं की थांबा, नाहीतर खाली घसरत जातं.

वजन किती आहे? ही जात खादाड, आणि चरबी म्हणजे उन्हाळ्यात दुसरी लोकर.

कापूसकोंड्या | ५ मार्च, रात्री ९.३०

डॉक्टरसाहेब, ताई, दोघांचे आभार. कापूस मोजायच्या काट्यावर उभा केला, २७ किलो ४०० ग्रॅम भरला. आई त्याला दोन वेळा दुधात कुस्करलेली पोळी देते आणि वर साय. आज बंद केली. दोघंही माझ्यावर रुसलेत.

नीरक्षीर | ६ मार्च, दुपारी १.१०

नक्की नॉर्वेचाच आहे का? स्वीडनचा येम्थुंड जवळपास असाच दिसतो, १९४६ मध्ये त्याला वेगळी जात मानलं गेलं. तो बराच उंच असतो, साठ सेंटिमीटरच्या घरात, आणि गालावर-तोंडाजवळ फिकट पिवळसर पांढरा रंग. नॉर्वेच्या नराची ठरलेली उंची ५२. पुण्यात हस्कीची मिसळ 'एल्कहाउंड' म्हणून खपवतात म्हणून विचारलं.

कापूसकोंड्या | ६ मार्च, रात्री ८.००

शिंप्याच्या टेपने मोजला, साडेबावन्न. तोंड आणि कान काळपट. तेवढ्यात टेप खाल्ली.

कापूसकोंड्या | ९ मार्च, पहाटे ३.२०

झोप उडालीय म्हणून आत्ताच लिहितो. दोन वाजता सुरू झाला. उठलो, टॉर्च घेतली, जवळ गेलो. साखळी ताणलेली, अंग थरथरतंय, नाक हरभऱ्याच्या वावराकडे. मी खाली बसलो, पाठीवर हात ठेवला आणि त्याच्या नाकाच्या रेषेत टॉर्च मारली. धुऱ्याच्या बोरीखाली दोन डोळे हिरवे चमकले. रोही होता, माझ्या गावठ्यांना पत्ताच नव्हता.

आणि बोरन्या गप्प. एकदम. मान वळवून माझ्याकडे बघितलं, परत रोह्याकडे, परत माझ्याकडे. आता तू बघ बुवा, माझं झालं, असं. मी हाड् हाड् केलं, रोही गेला. हा तीन घेर मारून झोपला.

पंधरा दिवस मी याला शिव्या घालत होतो.

फ्योर्डकाठी | ९ मार्च, दुपारी २.४५

वाचून डोळ्यांत पाणी आलं हो. ऑफिसात बसलेय, लोक बघतायत.

सावजी_रस्सा | ९ मार्च, रात्री ९.०५

म्हंजे आता रोज रात्री दोन वाजता हाजरी लावाची? वहिनी काय म्हणते?

कापूसकोंड्या | ९ मार्च, रात्री ९.४०

वहिनी म्हणते, मुलगा रडायचा तेव्हा असा उठला नाहीत.

तुरीच्या_घुगऱ्या | ११ मार्च, सकाळी १०.२०

एवढा हुशार शिकारी आहे तर मोकळा सोडा की डुकरांवर. राखण होईल. आमच्या चंद्रपूरकडे डुकरांनी धान ठेवलं नाही.

गोठ्यातला_डॉक्टर | ११ मार्च, दुपारी १२.००

सोडू नका. एल्ग थांबून बघतो, रानडुक्कर थांबत नाही, सुळ्याने पोट फाडतं. मी असे गावठी कितीतरी शिवलेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं लफडं वेगळंच, कुत्रा अंगावर घालणं हीसुद्धा शिकारच धरतात. शिवाय या बाजूला वाघ-बिबट्याची ये-जा आहे, बिबट्याला एका जागी उभं राहून भुंकणारा कुत्रा म्हणजे वाढलेलं ताट. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काही वावरांभोवती चोरून सोडलेला करंट. झटका मशीनचं कुंपण एकवेळ परवडलं, नुसता दणका बसतो. लाइनवरून थेट तार टाकलेली असेल तर कुत्रा काय, माणूसही जातो.

कापूसकोंड्या | २ एप्रिल, रात्री ८.१५

लोकरीचा हिशोब : खताच्या दोन पिशव्या गच्च भरल्या. अंगणात पहिल्या वेचणीचा कापूस सांडलाय असं वाटतं. चिमण्या येऊन चोचीने नेतात. कंगवा लागला की डोळे मिटून उभा राहतो, मागच्या मांड्यांना हात लावला की मात्र गुरगुरतो.

पोतं, कवेलू, माजघरात कूलर, वाळ्याची ताटी, सगळं केलंय. वजन २५.९.

कापूसकोंड्या | १९ मे, रात्री ११.५०

कालचं लिहून ठेवतो. चूक माझी आहे, कोणी समजूत घालू नका.

वरोऱ्याला लग्न होतं. माजघरात पाहुण्यांचं सामान म्हणून बोरन्याला बाहेरच्या नव्या खोलीत ठेवलं. स्लॅबची. डॉक्टरांनी दोन महिने आधी सांगून ठेवलेलं. कूलर चालू होता, गारवा टिकावा म्हणून दार लावून घेतलं. पाऊण वाजता लाइन गेली.

आई घरीच होती. नंतर म्हणाली, अंगणात परकी गाय येऊन कडबा खात होती आणि हा भुंकेना, तेच तिला खटकलं. दार उघडलं तर कोपऱ्यात आडवा. जीभ पसरट, लाळेच्या तारा. आईला बघून उठायला गेला, मागचे पाय दुमडले. बहात्तर वर्षांच्या बाईने त्याला पोत्यावर घालून कडुलिंबाखाली ओढत नेलं, हौदातल्या बादल्या पोटावर ओतल्या आणि सुपाने वारा घातला. पंखा कुठून आणणार, लाइनच नव्हती. मी चाळीस मिनिटांत पोचलो तेव्हाही ती सूप हलवतच होती. थर्मामीटर ४०.६. आधी किती असेल देव जाणे. डॉक्टरसाहेब फोनवर होते, ३९.५ ला पाणी थांबवलं, तालुक्याला नेऊन सलाइन लावलं. आज उभा आहे, दोन घोट ताक प्यायला.

गोठ्यातला_डॉक्टर | २० मे, सकाळी ६.३०

मातोश्रींना माझा नमस्कार सांगा. दोन-तीन दिवस लघवीचा रंग बघत राहा, हिरड्यांवर लाल ठिपके येतात का बघा, शौचात रक्त दिसलं तर वेळ न घालवता न्या. उष्माघाताचा दुसरा फटका मूत्रपिंडाला आणि रक्त गोठण्याला नंतर बसतो.

सावजी_रस्सा | २० मे, सकाळी ९.१०

भाऊ, माह्या घरी जुनं इन्व्हर्टर पडून आहे. बॅटरी नवी टाका लागन. पंखा तं चालन. वर्ध्याले आलो का देतो.

कापूसकोंड्या | २० मे, सकाळी ९.३०

या. जेवूनच जायचं.

कापूसकोंड्या | २२ जुलै, रात्री ९.००

पाऊस झाला, गोचीड आले. लोकरीत दिसत नाहीत, हाताला मोहरीसारखे लागतात. चार दिवस मलूल होता, जेवण सोडलं, काल नाकातून रक्ताचा थेंब आला.

गोठ्यातला_डॉक्टर | २२ जुलै, रात्री ९.२०

उद्या सकाळी रक्त तपासा, प्लेटलेट बघायला सांगा. एर्लिकियाची शंका आहे, गोचिडातून येतो. निघालाच तर डॉक्सिसायक्लिन बहुतेक चार आठवडे चालेल, दोन आठवड्यांत बरा दिसला म्हणून बंद करू नका. आणि गोठाही फवारा, गोचीड कुत्र्यावर कमी आणि भिंतीच्या फटींत जास्त असतात. घरचा देशी उपाय म्हणून रॉकेल चोळू नका, लोक चोळतात.

कापूसकोंड्या | ३० ऑगस्ट, रात्री १०.१०

एर्लिकियाच होता. गोळ्या पूर्ण झाल्या, प्लेटलेट भरल्या.

एक गंमत. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं लाकडी नंदी घेऊन दारात आली. एक नंदी चांगला गुडघ्याएवढा, चाकांवर. बोरन्या त्याच्यासमोर चार पावलांवर उभा राहिला आणि सुरू. पोरांनी नंदी मागे ओढला की हा आडवा जायचा. नंदी काही पळेना, हा काही थांबेना. शेवटी मला ताटावरून उठून यावं लागलं, नंदीला हात लावला, "बघितला रे बाबा" म्हटलं, तेव्हा गप्प. पोरांनी त्यालाही बोजाऱ्याचे, म्हणजे पोळ्याच्या खाऊचे, पैसे दिले.

तुरीच्या_घुगऱ्या | ३१ ऑगस्ट, सकाळी ८.४०

फवारणीचं बघा बरं. २०१७ ला यवतमाळकडे माणसं गेली, कुत्र्याची काय कथा. आमच्या शेजारचं फवारलेल्या कपाशीतून आलं, पाय चाटले आणि तासाभरात लाळ गळून थरथरायला लागलं.

गोठ्यातला_डॉक्टर | ३१ ऑगस्ट, सकाळी ११.००

अगदी बरोबर. फवारल्यावर निदान काही दिवस त्या वावरात नेऊ नका, फिरून आलं की पंजे साबणाने धुवा. लाळ, बुबुळं बारीक, थरथर दिसली की औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. डब्यावरचं नाव वाचून ॲट्रोपिन द्यायचं की नाही ते ठरतं.

कापूसकोंड्या | १४ डिसेंबर, सकाळी ७.१५

थंडी पडली आणि कुत्रा बदलला. सकाळी आम्ही शेकोटीला, हा दंवात लोळतो. ताईंनी सांगितल्यासारखा छातीपट्टा शिवून घेतला, चांभाराने जुन्या जोत्याच्या कातड्याचा केलाय, दहा मीटर दोर. पहाटे तो मला ओढत नेतो. चकार शब्द काढत नाही. काल पांदणीने दीड किलोमीटर नेलं आणि एका लेंड्यांच्या ढिगापाशी थांबून माझ्याकडे बघितलं. रोह्याच्या होत्या. अजून वाफ निघत होती.

पण एक विचारायचंय. आठवडाभर बघतोय, संध्याकाळी दिवेलागणीला ओट्याची पायरी चुकतो. दिवसा काही नाही. परवा अंधारात खाटेच्या पायाला धडकला. टॉर्च मारली तर डोळे पूर्वीपेक्षा जास्त चमकतात.

गोठ्यातला_डॉक्टर | १४ डिसेंबर, दुपारी १.३०

डोळ्याचा पडदा तपासून घ्या. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. या जातीत पडदा हळूहळू विरत जाण्याचा आनुवंशिक आजार आहे. त्यात कमी उजेडात बघणाऱ्या पेशी आधी जातात, म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते. एर्लिकियानेही डोळा बिघडू शकतो, तेव्हा तेही त्यांना सांगा.

फ्योर्डकाठी | १४ डिसेंबर, संध्याकाळी ६.१०

इथे पैदास करण्याआधी यासाठी तपासणी करून घेतात. भावाकडे आई-बापाचे कागद असतील तर मागवा.

कापूसकोंड्या | ८ जानेवारी, रात्री ९.२५

नागपूरला जाऊन आलो. पडद्याचाच आजार आहे, त्यावर औषध नाही. दुखत नाही म्हणाले. दिवसाची नजर अजून बरी आहे, तीही पुढे जाईल, किती दिवसांत ते सांगता येत नाही. घरातल्या वस्तू जागच्या जागी ठेवा, नवीन जागी दोराशिवाय नेऊ नका, बाकी तो नाकावर आणि कानावर भागवेल.

काल रात्री पुन्हा भुंकला. गेलो. चांदणं नव्हतं. मी जवळ जातोय हे त्याला दिसेना, तो माझ्या अंगावरूनच रोह्याकडे भुंकत राहिला. मग मी जीभ टाळ्याला लावून टक टक केलं, बैलाला करतो तसं. लगेच गप्प. आता अंधारात अंगणात उतरलो की टक टक करतच चालतो.

सावजी_रस्सा | ८ जानेवारी, रात्री ९.५०

पायरीपाशी घुंगरं बांधा न भाऊ. वाऱ्यानं वाजत राह्यतीन, त्याले समजन पायरी कुठी आहे. माह्याकडे आमच्या जुन्या जोडीची घागरमाळ आहे, बैलं गेले आता. येत्या बाजाराले पाठवतो.

कापूसकोंड्या | ८ जानेवारी, रात्री १०.०५

पाठवा. पायरीच्या खांबाला बांधतो.

खाट तेवढी हलवू नको असं आईला सांगितलंय. ती म्हणते, उन्हाळ्यात अंगणात न्यावीच लागते, मी काय घरात उकडून मरू? दुसरी खाट विणायला टाकलीय.